क्लास सुटल्यानंतरची पंधरा मिनिटं

"मॅडम, यातलं काय बंद करू तेवढं सांगा." मी मुलांची समुपदेशक. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे यायला लागतो, तो दिवाळीपर्यंत येतच राहतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, क्वचित बाबा. तबला, बॅडमिंटन, स्केटिंग, की-बोर्ड, अबॅकस अशी यादी मोबाइलमध्ये तयार असते. मुलं चिडचिडी झालीत, आम्ही थकलोय, हे लगेच सांगितलं जातं. एवढं सगळं करूनही मुलाला जवळचं असं कुणी नाही, हे मात्र उठता उठता, दाराशी गेल्यावर सांगतात. माझ्या मते खरी काळजी तीच असते. म्हणून मानसीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मानसी पुण्यात बँकेत अधिकारी. नवरा आयटीत, त्याच्या मीटिंगा संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात त्या रात्रीपर्यंत. मुलगी ईरा सहावीत, मुलगा अर्णव तिसरीत. ईराचा तबला मंगळवार-गुरुवार, बॅडमिंटन सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि रविवारी सकाळी तबल्याच्या परीक्षेची जादा बॅच. अर्णवचं फुटबॉल आणि की-बोर्ड. सहाला ईराला तबल्याला सोडायचं, सहा दहाला अर्णवला मैदानावर, मधल्या वेळात भाजी आणि दळण, ठीक सातला ईरा, सव्वासातला अर्णव. "एक मिनिट वाया जात नाही माझं," ती म्हणाली. त्या बोलण्यात अभिमान होता आणि तो असायलाच हवा. नोकरी करून हे जमवणं सोपं नाही.

तिला हादरवलं ते ईराच्या वाढदिवसानं. कुणाकुणाला बोलवायचं, असं विचारल्यावर ईरा म्हणाली, "कुणालाच नको." मग मानसीनं वेळापत्रकात शनिवार पाच ते सहा 'मैत्रिणी' असंही घातलं. बिल्डिंगमधल्या दोघींना बोलावलं, भेळ केली. तिघी भेळ खाऊन तासभर टीव्हीसमोर बसल्या आणि सहाला पांगल्या.

"मैत्रिणींसाठीसुद्धा वेळ ठेवलाय हो मी. पण तीच बोलत नाही कुणाशी. लाजाळू आहे का ती?"

मी ईराला एकटीला भेटले. 'तुला तबला आवडतो का' असं मुलांना विचारण्यात फारसा अर्थ नसतो, शहाणी मुलं 'हो' म्हणून मोकळी होतात. मी त्यांना मला सोबत घेऊन जायला सांगते.

"आपण दोघी तुझ्या क्लासच्या दारात पोचलो. पुढे?"

"चपला काढायच्या. आत जाऊन बसायचं."

"कुणाच्या शेजारी?"

"जागा असेल तिथे. मी पोचते तेव्हा सगळे बसलेले असतात. सर सुरूच करतात लगेच."

"आणि सुटल्यावर?"

"आई खाली असते. हॉर्न वाजवते."

"बाकीची मुलं काय करतात?"

ती जरा थांबली. "ते गवसण्या घालतात तबल्यांना, हातोड्या जागेवर ठेवतात. मग जिन्यात बसतात. काहीतरी ठरतं त्यांचं तिथे. नंतरच्या वेळी ते त्याच्यावरून हसत असतात आणि मला कळतच नाही कशावर हसतायत."

बॅडमिंटनचंही तेच. शेवटी सगळे मिळून कोर्टवरची शटलं गोळा करतात, पाणी पितात, कुणाचं कुणाशी वाजलं ते मिटवतात. तोवर ईराची किट भरलेली असते, कारण अर्णवला घ्यायला जायचं असतं.

समुपदेशनात असा एखादा क्षण येतो, तेव्हा चित्र एकदम लख्ख होतं. ही मुलगी लाजाळू नव्हती. क्लासमध्ये मुलं गुरुजींकडे तोंड करून बसतात, मैदानात शिट्टीवर पळतात. एकमेकांकडे बघायला मिळतं ते सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यानंतर. आठवड्यातले पाच-सहा दिवस ईरा मुलांमध्ये होती, पण आईच्या शिस्तीनं नेमका तेवढाच वेळ कापला गेला होता. आणि त्याची भरपाई शनिवारी पाच ते सहा होणं शक्य नव्हतं.

माझा ओढा हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाकडे आहे, हे इथे सांगून टाकते. साधारण नवव्या-दहाव्या वर्षापासून मुलाला आपल्याच वयाचा, आपल्याच तोलाचा एक जिवाभावाचा सवंगडी लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. गटातली लोकप्रियता ही निराळी गोष्ट, हा एकच असतो. त्याच्यापाशी मूल पहिल्यांदा शिकतं की दुसऱ्याचं सुख माझ्या सुखाइतकंच मोलाचं असू शकतं. इतक्या वर्षांच्या कामात मला याचा प्रत्यय पुन्हा पुन्हा आला आहे. ईरा अकराची. तिची गरज अगदी वयाला धरून होती.

ईराला विचारूनच मी हे मानसीपुढे ठेवलं.

"मैत्री होते त्या वेळी ती तुमच्या गाडीवर असते."

मानसी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी वेळेवर जाते ते चुकतंय?"

"वेळेवर जाण्यात चूक काय? पण काही दिवस पंधरा मिनिटं उशिरा जाऊन बघा."

"आणि त्या पंधरा मिनिटांत मी काय करू?"

"काहीच नाही."

तिचे डोळे भरून आले. "रिकामी उभी राहिले ना मॅडम, की छातीत धडधडतं. वाटतं, कुठेतरी काहीतरी राहिलंय. मी थांबले तर मुलं मागे पडतील."

"कशात?"

ती उत्तर शोधत राहिली. तबल्यात? बॅडमिंटनमध्ये? मार्कांत? शेवटी म्हणाली, "माहीत नाही. सगळ्यातच."

माझ्यासाठी खरं वळण इथे होतं. ज्या भीतीला नाव नसतं ती सगळा आठवडा व्यापते आणि तिच्या पोटी आपण मुलाच्या दिवसात एक एक गोष्ट भरत जातो. मी तिला म्हटलं, शिंपी कापड बेततानाच कडेला माया, म्हणजे शिवणीपलीकडचं थोडं जादा कापड, सोडतो. कापड वाचवायचं म्हणून ती सोडली नाही, तर पहिल्याच धुण्यात शिवण उसवते. मानसीच्या आईचं घरी शिलाई मशीन होतं. तिला ते लगेच पटलं.

माया सोडायची तर काहीतरी कमी करावं लागणार होतं. काय, ते मी सांगितलं नाही. पालकांनाही माझा आग्रह असतो की हा निर्णय मुलासोबत बसून घ्या, आणि बसण्याआधी झोपेचा हिशेब मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप हवी. ईरा पावणेअकराला झोपत होती आणि सहाला उठत होती. चिडचिडीचं मोठं कारण तर तिथेच होतं. दुसरा हिशेब हालचालीचा. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, पण ती कोचिंगमध्येच व्हायला हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. पार्किंगमधली लगोरी, सायकल, डबा ऐसपैस, सगळं धरा.

मानसीला वाटलं होतं ईरा बॅडमिंटन सोडेल. ईरा म्हणाली, "रविवारची बॅच."

"अगं, पण परीक्षा?"

इथे पालकांची घाई मला कळते. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा प्रारंभिक झाली की प्रवेशिका, मग मध्यमा, अशी गाडी एकाही स्टेशनावर थांबू नये असं वाटतं. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. एक सत्र सोडलं म्हणजे कला सोडली असं होत नाही. सहावीतल्या मुलीकडे तर दहावीपर्यंत कितीतरी सत्रं शिल्लक असतात. सरांनाही काही अडचण नव्हती. अर्णवचा की-बोर्ड बंद झाला, त्याबद्दल घरात कुणालाच वाईट वाटलं नाही, अर्णवला तर नाहीच.

सुरुवातीला काहीच घडलं नाही. ईरा सवयीनं सातला खाली यायची आणि फाटकापाशी एकटीच उभी राहायची. मानसीचा फोन आला, "हे बघवत नाही मला." मी म्हटलं, बघवत नसलं तरी जाऊ नका. आणि घरी आल्यावर 'आज कुणाशी बोललीस?' हे मुळीच विचारू नका. मुलं मैत्रीचा अहवाल द्यायला लागली की मैत्रीचाही क्लास होतो.

मग एका गुरुवारी मानसी पोचली तर ईरा जिन्यात होती. मिरजेहून नवीनच आलेली एक मुलगी आणि ती. एक हातावर ताल धरून 'धा धा तिट धा धा तिन्ना' म्हणतेय, दुसरी मध्येच खोकून, डोळे फिरवून तिला चुकवायला बघतेय, चुकलं की पाळी बदलायची. ही पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडी म्हणणं, घरी करून घ्यायची तर रोज भांडण व्हायचं. मानसीनं हॉर्न वाजवला नाही. फाटकापाशी त्या मुलीची आईही थांबलेली होती. दोघींची ओळख झाली, आणि आता मंगळवारी त्या मुलीची आई दोघी मुलींना सोडते, गुरुवारी मानसी. मदत मागायची सवयच नव्हती तिला, कारण कुणाशी दोन शब्द बोलायला ती कधी थांबतच नव्हती.

सगळ्यांना फाटकापाशी थांबता येत नाही, हे मला माहीत आहे. मूल व्हॅननं येत-जात असेल तर क्लास सुटल्यानंतरचा वेळ उरत नाही. मग तो इमारतीच्या आवारात शोधा आणि आठवड्यातल्या निदान दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. त्या संध्याकाळी मूल 'कंटाळा आला' म्हणेल. म्हणू दे. तेवढ्यासाठी हातात मोबाइल देऊ नका, थोड्या वेळानं ते आपोआप खाली जातं. दोघंही नोकरी करत असाल तर आजी-आजोबांना आणण्या-सोडण्याच्या ड्युट्या वाटण्याआधी त्यांना किती झेपतं ते विचारा. आणि शाळेच्या वेळेलाच पोटात दुखतं, डबा तसाच परत येतो, कुणी चिडवतं म्हणून मूल जायलाच नको म्हणतं, असं असेल तर मात्र वाट बघत बसू नका. वर्गशिक्षकांशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाकडे या. तिथे पंधरा मिनिटांनी काम भागत नाही.

ईरानं एप्रिल-मेच्या सत्राचा फॉर्म भरलाय. बॅडमिंटन तीनऐवजी दोन दिवस करू का, असं तिनं परवा विचारलं. मानसीनं अजून हो-नाही म्हटलेलं नाही. आधी ईरानंच जाऊन कोचशी बोलावं, असं दोघींचं ठरतंय.