वाचकांचे प्रश्न : खेळातला नायक कोणत्या वंशाचा?

व्हिडिओ गेममधील पात्रांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील तीन पत्रांचा रोख एकाच विषयाकडे असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या गेममध्ये सोळाव्या शतकातल्या जपानचा नायक म्हणून एक आफ्रिकी माणूस घेतला आहे. हा इतिहासाचा विपर्यास असून कंपन्या हल्ली कृष्णवर्णीय नायक वाटेल तिथे घुसडतात, असे तो म्हणतो. त्याला काय सांगावे? — एक पालक, नाशिक

या गेमचा तो आफ्रिकी नायक म्हणजे यासुके, आणि या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, हे त्याला आधी सांगावे. इटालियन जेझुइट धर्मगुरू अलेस्सांद्रो वालिन्यानो १५७९ मध्ये जपानात उतरला, तेव्हा यासुके त्याच्या सोबत होता आणि १५८१ मध्ये क्योतो येथे तो ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य जपानी सरदारासमोर उभा राहिला. त्याला पाहायला इतकी झुंबड उडाली की पाद्र्यांच्या घराचे दार मोडले, आणि त्याच्या कातडीचा रंग खरा आहे यावर नोबुनागाचा विश्वास बसेना म्हणून त्याला कमरेपर्यंत उघडे करून अंग धुवायला लावले, असे त्या काळच्या वर्णनांत आहे. नोबुनागाने त्याला पदरी ठेवले. त्याला वेतन, घर आणि एक लहान तलवार दिल्याची नोंद नोबुनागाच्या चरित्राच्या एका हस्तलिखितात सापडते. जून १५८२ मध्ये होन्नो-जी मंदिरात नोबुनागाचा अंत झाला, यासुके पकडला गेला, त्याला जेझुइटांकडे परत धाडण्यात आले आणि तिथून पुढे त्याचा माग लागत नाही. त्याला सामुराई म्हणावे की नुसता पदरचा शस्त्रधारी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. पण तो वाद त्याच्या दर्जाचा आहे, अस्तित्वाचा नव्हे.

दख्खनच्या वाचकाला तर यात अशक्य असे काहीच वाटू नये. वालिन्यानो जपानला जाण्याआधी १५७४ मध्ये गोव्यात आला होता आणि पूर्वेकडच्या साऱ्या जेझुइट कारभाराचे केंद्र गोवाच होते. त्याच सुमारास इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर दख्खनच्या राजकारणात उतरला, पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, आणि १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याच्या सिद्दींविषयी तर वेगळे सांगायला नकोच. हिंदी महासागरातून आफ्रिकी माणसे किती दूरवर आणि किती उंच पदांवर पोचली, हे आपल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकातही आहे. आपण ते फक्त या वादाशी जोडून पाहत नाही.

मुलाला आणखी एक उदाहरण द्यावे. २०१७ मध्ये ‘निओ’ नावाचा गेम आला. तो जपानी कंपनीनेच केलेला. त्याचा नायक विल्यम हा गोरा, सोनेरी केसांचा, १६०० मध्ये जपानला पोचलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशावरून घेतलेला. यासुकेही त्या गेममध्ये होता, पण खेळाडूने हरवायचा शत्रू म्हणून. जपानी तलवार गोऱ्या माणसाच्या हातात दिली म्हणून त्या वेळी असा गदारोळ झाल्याचे आठवत नाही.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेने २०१२ मध्ये मोहॉक या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीतली आई आणि इंग्रज वडील असलेला कॉनर, तर २०१७ मध्ये प्राचीन इजिप्तचा बायेक असे त्या-त्या भूमीतले नायक दिले होते. त्यामुळे जपानची पाळी आल्यावर तिथलाच पुरुष नायक असेल अशी अपेक्षा अनेकांनी धरली, आणि पाश्चात्त्य कंपन्यांच्या मोठ्या गेममध्ये आशियाई पुरुष नायक आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने त्या नाराजीला द्वेष म्हणून झटकून टाकता येत नाही. मात्र नाओए ही जपानी तरुणी या गेमची दुसरी नायिका आहे आणि सुरुवातीचा बराच भाग तिच्याच वाट्याला आला आहे, हे आरडाओरडा करणारे व्हिडिओ सहसा सांगत नाहीत. मार्च २०२५ मध्ये जपानच्या संसदेतही या गेमचा विषय निघाला, पण प्रश्न विचारणाऱ्या सदस्याची काळजी शिंतो मंदिरात खेळाडूला तोडफोड करता येते याविषयी होती, यासुकेच्या वर्णाविषयी नव्हे.

प्रश्न : गेममध्ये सगळ्या वंशांची पात्रे दिसतातच, मग नायक कोण यावर एवढी चर्चा का? शिवाय गोरा नायकच खपतो असे कंपन्या म्हणतात, ते कितपत खरे? — पदवीचा विद्यार्थी, कोल्हापूर

दिसणे आणि नायक असणे यांत गेमच्या बाबतीत मोठे अंतर आहे, कारण नायक कुठे वळेल, कुणाला वाचवेल, कुणावर हात उचलेल हे खेळाडू ठरवतो आणि बाकीची पात्रे त्याला सामोरी येतात. याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमिट्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत खपणाऱ्या १५० गेममधील साडेआठ हजारांवर पात्रांची मोजदाद केली, तेव्हा माणूस म्हणून ओळखता येणाऱ्या पात्रांपैकी सुमारे ८० टक्के गोरी निघाली. त्याहून बोलका आकडा लॅटिन अमेरिकी वंशाच्या पात्रांचा होता : ती ३ टक्क्यांहून कमी होती, आणि खेळाडूच्या हाती येणारे त्यांत एकही नव्हते. कृष्णवर्णीय पात्रे लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या थोडी खाली होती, पण त्यांतली बरीचशी मैदानी खेळांच्या गेममधली खेळाडू मंडळी किंवा गुन्हेगारीच्या कथांतली होती. त्याच वर्षी आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ५’मध्ये आफ्रिकी माणसे पडद्यावर शेकड्यांनी होती, ती संसर्गाने पिसाळलेली होती, आणि बंदूक क्रिस रेडफील्ड या गोऱ्या अमेरिकनाच्या हातात होती. २००७ मध्ये त्याची झलक दिसल्यापासून टीका सुरू झाली होती. शेवा आलोमार ही आफ्रिकी सहकारी कथेत होती, तरी चित्राचा तोल तिने फारसा बदलला नाही. नुसती डोकी मोजली तर हा गेम वांशिक वैविध्याचा नमुनाच ठरेल.

खपाचा युक्तिवाद मात्र मला कधीच पटलेला नाही. २००४ चा ‘जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) : सॅन अँड्रियास’ हा प्लेस्टेशन २ वर सर्वाधिक खपलेला गेम, आणि त्याचा नायक कार्ल जॉन्सन कृष्णवर्णीय. (आपल्याकडे सायबर कॅफेत ज्यांची कॉलेजची वर्षे गेली, त्यांना ‘सीजे’ म्हटले की पुरे.) कार्लच्या वाट्याला टोळीयुद्ध आणि चोऱ्यामाऱ्याच आल्या, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती योग्यच होती, पण नायकाच्या रंगामुळे गिऱ्हाईक पाठ फिरवते, हा समज तिथेच खोटा ठरला.

माझ्या मते या बाबतीत खरा पल्ला २०१२ च्या ‘द वॉकिंग डेड’ने गाठला. त्याचा नायक ली एव्हरेट हा इतिहासाचा प्राध्यापक. पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या माणसाच्या खुनाबद्दल शिक्षा होऊन तुरुंगाकडे जात असताना मेलेली माणसे उठून जिवंतांवर तुटून पडू लागतात, जग कोसळते आणि क्लेमेंटाइन ही पोरकी मुलगी त्याच्या गळ्यात पडते. आगगाडीतला एक प्रसंग पाहा. मुलीचे केस त्या प्रेतांच्या तावडीत सापडू नयेत म्हणून ली ते कापतो. कात्री खेळाडूच्या हातात असते आणि ती मुलगी बसून असते. या प्रसंगात लीच्या वर्णाचा उल्लेखही नाही, पण बंदूक आणि टोळी यांच्या पलीकडचे काही करायला मिळालेला कृष्णवर्णीय पुरुष तोवर या माध्यमात विरळाच होता. पुढच्या भागात क्लेमेंटाइनच नायिका झाली, आणि खेळाडूंनी तिला आनंदाने स्वीकारले.

तंत्राचीही एक अडचण आहे. गडद त्वचेवर प्रकाश कसा पडतो आणि दाट कुरळे केस कसे हलतात, हे संगणकाला नीट दाखवायला वेगळे कष्ट घ्यावे लागतात, आणि ते घेतले नाहीत तर चेहरा राखाडी दिसतो व केसांना दोन-तीन साचेबद्ध पर्यायच उरतात. पण ही अडचण आहे, सबब नव्हे.

प्रश्न : आम्ही बारा वर्षे न्यू जर्सीत आहोत. मुलगी अकरा वर्षांची आहे आणि “माझ्यासारखी दिसणारी मुलगी असलेला गेम दे,” असे म्हणते. भारतीय नायिका असलेले चांगले गेम आहेत का? — एक आई, एडिसन

आहेत, पण थोडे. आमच्या पिढीने व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी घालून खेळलेल्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये भारताच्या वाट्याला धालसिम आला होता : गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हात रबरासारखे लांब होणारे आणि मागे ओळीने उभे हत्ती. आम्ही त्याला हौसेने निवडत असू, हेही खरे. २०१७ च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ची नायिका क्लोई फ्रेझर अर्धी भारतीय आहे आणि कथा सह्याद्रीतल्या होयसळ अवशेषांत घडते. पश्चिम घाटाची हिरवाई त्यात डोळे निवतील अशी आहे; पण तिची सोबतीण असलेल्या कृष्णवर्णीय नदीन रॉसला आवाज गोऱ्या अभिनेत्रीने दिल्याने टीका झाली होती, आणि मारामारी बरीच असल्याने हा गेम अकरा वर्षांच्या मुलीसाठी नाही.

आपल्या मुलीसाठी मी आधी ‘वेन्बा’ सुचवीन. १९८० च्या दशकात कॅनडात आलेल्या तमिळ कुटुंबातली आई ही त्याची नायिका आहे. या नायिकेच्या आईच्या जुन्या वहीतल्या अर्धवट पुसलेल्या कृतींवरून इडलीसारखे पदार्थ करत जायचे, आणि त्या ओघात इंग्रजीत रमलेला मुलगा व आई यांच्यातले अंतर उलगडत जाते. गेम लहान आहे, दोन बैठकींत संपतो, आणि तो आपण दोघींनी मिळून खेळावा हे उत्तम. दुसरा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणला. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही त्याची नायिका. त्यात लढाई आहे, म्हणून वयोगटाची खूण पाहून आणि पहिला अर्धा तास स्वतः खेळून मगच तो मुलीच्या हाती द्यावा.