परटाला दिलेले कपडे आणि 'माणसांचा संप्रदाय'

प्रश्न सोलापुरातून आला आहे. तिथल्या एका ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका छापायला निघाली आहे. त्यातल्या एका लेखाचं शीर्षक आहे 'माणसांचा संप्रदाय आणि खरा विश्वास'. मुद्रितं तपासणाऱ्या ताईंना शंका आली: संप्रदाय म्हणजे पंथ. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा वाचणाऱ्याला हा वारकऱ्यांना मारलेला टोमणा वाटेल. मग 'संप्रदाय' काढून 'परंपरा' घालू का? आणि जाता जाता, 'विश्वास' बरा की 'श्रद्धा'?

ताई, घालू नका. 'संप्रदाय'च राहू द्या.

तुमची शंका तुमची नाही, ती टीव्हीची आहे. गेली काही वर्षं बातम्यांत 'सांप्रदायिक तणाव', 'सांप्रदायिक शक्ती' हे रोज कानावर आदळतं. ही हिंदीतून जशीच्या तशी उचललेली पाटी. मराठीत दंगल जातीय किंवा धार्मिक असायची. सांप्रदायिक असायचं ते भजन. टाळ, पखवाज, ठरलेली चाल, ठरलेला क्रम. 'आमच्याकडे सांप्रदायिक भजन आहे, या' असं आमंत्रण आलं तर कोणी पोलीस चौकीला फोन करत नसे. आता बहुधा करतील.

पंथ हा अर्थ आहेच, तो सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. पण पंथ नसलेला संप्रदाय तुम्ही शाळेत शिकलात आणि विसरलात: वाक्संप्रदाय. दाते-कर्व्यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' केला तो बोलणाऱ्यांच्या पंथांची यादी म्हणून नव्हे. बोलण्याची जी रीत एकाकडून दुसऱ्याकडे आली, ती म्हणजे वाक्संप्रदाय. हेही पटत नसेल तर कोश बाजूला ठेवा आणि शेजारच्या पद्मशाली आजींना विचारा. तेलुगूत 'संप्रदायम्' म्हणजे घराण्यात चालत आलेली रीतभात, आणि अक्कलकोट रस्त्याच्या कानडी शेजाऱ्याचा 'संप्रदाय'ही तोच. तीन भाषा एका गल्लीत नांदणाऱ्या गावात हा अर्थ हरवावा, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

आता मूळ जागा. हे शीर्षक लेखकाच्या पदरचं नाही, मराठी बायबलातलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि शास्त्री येशूला जाब विचारतात, की हे वाडवडिलांचा संप्रदाय का पाळत नाहीत? येशू उलट म्हणतो, तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांच्या संप्रदायाला चिकटून राहता. ग्रीकमध्ये इथे शब्द आहे 'पाराडोसिस'. पारा म्हणजे पलीकडे, आणि पुढचा तुकडा 'दिदोमी' या क्रियापदातला. दिदोमी म्हणजे मी देतो. संस्कृतात काय? ददामि. लॅटिन 'त्रादितिओ' घ्या, जिच्यातून इंग्रजीचं ट्रॅडिशन आलं. 'त्रान्स' अधिक 'दारे', पलीकडे देणं. आणि आपला संप्रदाय? सम् + प्र + दा. नीट हाती सोपवणं. ज्याने कोणी मराठी बायबलात हा शब्द बसवला त्याने ग्रीक शब्द हाडामांसासकट उचलून आणला आहे. 'परंपरा' घातलीत की हे सगळं गेलं. परंपरा म्हणजे पर आणि पर, एकापुढे एक, मुंग्यांची रांग. त्यात देणारा हात नाही आणि घेणाराही नाही.

आणि हातच तर महत्त्वाचा आहे! यहूदा या शिष्याने येशूला शत्रूच्या हवाली केलं, त्यासाठी शुभवर्तमानांत जे क्रियापद येतं तेही हेच, पारादिदोमी. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (११:२३) एकाच वाक्यात ते दोनदा वापरलं आहे. मला प्रभूकडून मिळालं ते मी तुम्हाला 'सोपवलं', की ज्या रात्री येशूला 'धरून दिलं' त्या रात्री त्याने भाकर घेतली. प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि पेला घेण्याच्या विधीची) शिकवण आणि विश्वासघात, दोन्ही एकाच धातूचे. मराठीने 'धरून देणे' म्हटलं, म्हणजे तिथेही 'देणे' आलंच, आणि आपलं देणे त्याच 'दा'चं नातवंड. इतकं जुळलेलं काम क्वचित दिसतं.

लॅटिनने तर कमाल केली. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. ज्यांनी भिऊन ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हाती दिले त्यांना उत्तर आफ्रिकेतल्या मंडळ्यांनी नाव ठेवलं 'त्रादितोरेस', देऊन टाकणारे. त्यावरून तिथे जी फूट पडली ती शंभर वर्षांहून अधिक मिटली नाही. इंग्रजीतला ट्रेटर याच घरचा. शास्त्र पुढच्या पिढीला देणारा आणि शास्त्र जाळायला देणारा, दोघांच्या कृतीला भाषेने एकच नाव ठेवलं. तेव्हा 'दिलं' एवढ्याने भागत नाही. काय दिलं, कोणाला दिलं, आणि देताना हात सोडला का, हे विचारावं लागतं.

हा शेवटचा प्रश्न माझा लाडका आहे, आणि त्याचं उत्तर पाणिनीकडे आहे. चतुर्थी विभक्तीचा कारकार्थ, म्हणजे क्रियेशी असलेलं नातं, कोणता? संप्रदान. तोच उपसर्ग, तोच धातू. (लॅटिन व्याकरणात या विभक्तीचं नावही 'दारे'वरूनच पडलं, हे बोनस.) संस्कृत पाठशाळांत यावर एक उदाहरण पिढ्यानपिढ्या घोटून घेतलं जातं. 'विप्राय गां ददाति', ब्राह्मणाला गाय देतो, इथे चतुर्थी. पण 'रजकस्य वस्त्रं ददाति', परटाला कपडे देतो, इथे षष्ठी. का? कारण परटाला दिलेले कपडे आपलेच राहतात, गुरुवारी परत येतात. आपला हक्क सोडून दिलं तरच ते संप्रदान. मराठीत दोन्हीकडे 'ला' लागतो म्हणून हा फरक आपल्याला दिसेनासा झाला. सोलापूरकराला मात्र तो सांगावा लागू नये. हातमागाच्या दिवसांत सावकार विणकराला सूत द्यायचा, ते सूत विणकराचं होत नसे. चादर विणून परत, हाती मजुरी.

माझं म्हणणं असं, की 'माणसांचा संप्रदाय' हा परटाला दिलेला कपडा आहे. वाडवडील देतात, पण हक्क सोडत नाहीत. पेटी-तबलाच हवा, गिटार नको. प्रभुभोजनाला एकच पेला, छोटे छोटे पेले नकोत. अमुक बाकावर अमुक घराणंच बसणार. नव्या पिढीने हे घ्यायचं आणि घडी न मोडता परत करायचं. येशूने त्याच अध्यायात दिलेला दाखला बघा. मुलगा आईबापांना म्हणतो, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते 'कोर्बान' आहे, देवाला वाहिलेलं आहे. झालं, आईबापांना द्यायला नको. नावाला देवाचं, आईबापांना बंद. परटाचं देणं याहून स्पष्ट काय असेल? (कोर्बान म्हणजे जवळ आणलेलं. हिब्रूतला हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे 'कुर्बान' होऊन आला, आणि 'करीब' त्याचा चुलतभाऊ. आईबापांना दूर लोटायला 'जवळ'चा शब्द वापरला, ही गंमत मूळ ऐकणाऱ्यांना कळली असणार.)

हे मी एकदा सोलापुरात एका निवृत्त संस्कृत शिक्षकांपुढे मांडलं तर ते म्हणाले, ही तुमची ओढाताण. महाभाष्यात, म्हणजे पाणिनीवरच्या पतंजलीच्या भाष्यात, अशुद्ध स्वर उच्चारणाऱ्या शिष्याला खंडिकोपाध्याय नावाचा गुरू चपराक देतो, तिथे 'तस्मै' (त्याला) अशी चतुर्थी आहे. चपराकीवर कसला हक्क आणि कसला त्याग? सर, नमस्कार करून सांगतो, दिलेली चपराक आजवर कोणत्या गुरुजींनी परत घेतली आहे? तीही गायच. माझा नियम तिथेही टिकतो. त्यांचं दुसरं म्हणणं, संप्रदाय म्हणजे फक्त गुरुशिष्यांचा पंथ, बाकी अर्थ मिशनऱ्यांनी घुसडले. मग वाक्संप्रदायही मिशनऱ्यांनीच घुसडला असेल.

एक मात्र लेखकाला कळवा. लेखात 'संप्रदाय तेवढा वाईट, विश्वास तेवढा खरा' असं सरसकट लिहिलं असेल तर ते बायबलालाच मंजूर नाही. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:१५) पौल सांगतो, शिकवलेले संप्रदाय घट्ट धरून राहा. शब्द तोच, पाराडोसिस. म्हणून 'माणसांचा' हे विशेषण शीर्षकातून गळता कामा नये, सगळं वजन त्याच्यावर आहे. कॅथलिक वाचक तर लगेच १५४६ साल काढतील, ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मसभेने लिखित शास्त्र आणि प्रेषितांकडून आलेला संप्रदाय दोन्हींना सारखाच मान दिला म्हणून. त्या भांडणात मी पडत नाही, मी मंडळीतला नव्हे, भाषेतला.

वारकऱ्यांना टोमणा वाटेल ही भीतीही सोडा. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असं तेच सांगत.

विश्वास की श्रद्धा? विश्वास. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा, हृदय ठेवणं, लॅटिन 'क्रेडो'ची सख्खी बहीण, मोह पडावा अशी. पण ग्रीक 'पिस्तिस'मध्ये भरवसा आहे, आणि 'वि + श्वस्'मध्ये निर्धास्तपणे सोडलेला श्वास. इथे तोच हवा.

शीर्षकाखाली बारीक अक्षरांत 'मार्क ७:८' छापा, म्हणजे शंका उरणार नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या मुद्रितात दोन ठिकाणी 'सांप्रदाय' झालं आहे. सांप्रदायिक बरोबर, सांप्रदाय चूक. तो काना काढा.