व्हॅनमधली वीस मिनिटं

"मॅडम, माझा मुलगा बिघडला का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वैशालीताईंनी विचारलं. (नाव बदललंय, ओळख पटेल अशा खुणाही.) हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नेहमीचा आहे. पोरानं मोबाईलवर नको ते पाहिलं हे कळलं, की पुढच्या अर्ध्या तासात घराचं पोलीस ठाणं होतं. कुठं पाहिलंस, कुणी दाखवलं, किती वेळा, खरं सांग.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. पंधरा दिवस शाळेला निघताना रोज पोट दुखायचं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मग एका रात्री तो दिवा घालवू देईना, तेव्हा थोडं थोडं बाहेर आलं. शाळेची व्हॅन, मागची सीट, नववीतल्या एका दादाचा मोबाईल.

वैशालीताई बचत गटाच्या अध्यक्ष, बाई खमकी. माझ्याकडे येण्याआधीच व्हॅन बंद पाडायची, शाळेवर मोर्चा न्यायचा, ठाण्यात अर्ज द्यायचा, सगळं ठरलं होतं. मोर्चाचा वारसुद्धा. फक्त, त्या पोराला नेमकं काय वाटलं हे कुणी विचारलं नव्हतं.

मी त्याला एकट्याला बसवलं. बराच वेळ तो बुटाची पट्टी उचकटत आणि परत चिकटवत राहिला. चर्र, चर्र. मग खाली बघतच म्हणाला, "ती बाई रडत होती. तिला सोडवायला कुणीच आलं नाही."

आईला वाटत होतं पोराला चटक लागली. पोराला भीती बसली होती. या वयाच्या पुष्कळ मुलांना असली दृश्यं मारहाणच वाटतात. त्यातलं दुसरं काही कळायचं त्यांचं वय नसतं.

दोन गोष्टी मी सावकाश, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून घेतल्या. कुणी मुद्दाम बोलावून दाखवलं का? कुणी अंगाला हात लावला का? दोन्हीला नाही. दादा आपल्या नादात वेब सीरिज बघत होता आणि ही पोरं त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. उत्तर 'हो' असतं तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं. लैंगिक हेतूनं मुलाला अश्लील काही दाखवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, गुन्हा आहे आणि तो कळल्यावर गप्प बसायची मुभा मलाही नाही. तसली गोष्ट पालकसभेत मिटवायची नसते. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवायचा, नाहीतर सरळ ठाणं गाठायचं.

आईला मी एवढंच सांगितलं, की आज रात्री त्याच्या शेजारी पडून म्हणा, "ते नटनट्यांचं काम होतं, त्या बाईला काही झालेलं नाही. ते मोठ्यांसाठी होतं. तू पाहिलंस म्हणून तू वाईट नाहीस आणि मला सांगितलंस ते बरं केलंस." त्यांना हे फारच किरकोळ वाटलं. त्या कायदेशीर सल्ल्याच्या तयारीनं आल्या होत्या.

आता माझी चूक. "बाकीच्या पालकांनाही सांगा," असं मी म्हणाले, पण कसं सांगायचं ते बोलले नाही. त्यांनी व्हॅनच्या ग्रुपवर लिहिलं. रात्री एका वडिलांनी ती सीरिज शोधून त्यातला तोच तुकडा ग्रुपवर टाकला, 'बघा आपली मुलं काय बघतात' म्हणून. झोपायच्या आत तो घराघरात पोचला. त्याच फोनवर सकाळी पोरं गृहपाठ बघतात! असं काही पुरावा म्हणून सुद्धा पुढं ढकलायचं नसतं. अश्लील मजकूर पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली येतं, आणि चित्रफितीत लहान मूल असेल तर नुसती उतरवून घेणंही ६७ ब खाली गुन्हा. तो तुकडा ग्रुपमधून आणि फोनच्या गॅलरीतून काढायला लावण्यात आमचे दोन दिवस गेले.

त्यानंतर माझ्याच खोलीत सहा आया बसल्या. मोर्चा मागे पडला, तो एका साध्या प्रश्नानं. हे घडतं कधी? प्राथमिक शाळा चार चाळीसला सुटते, माध्यमिक पाचला. मोठी मुलं व्हॅनशी आधीच आली की त्यांची हजेरी कोण घेतो? आणि व्हॅनचे काका? ते समोर चहाला. म्हणजे भांडण त्या वीस मिनिटांशी होतं.

शाळेचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे, "गेटबाहेरचं आमच्याकडे नाही." मग बायकांनी गेटच्या आतलं मागितलं. पाचची घंटा होईपर्यंत लहानांनी व्हरांड्यात बसायचं, सोबत शिपाई मावशी आणि रोज एक पालक, आळीपाळीनं. व्हॅनमध्ये चढताना मोबाईल काकांच्या डब्यात. नववीतल्या मुलाचं नाव सभेत निघू द्यायचं नाही, ही अट माझी होती. वैशालीताईंना ती आवडली नाही, पण पाळली. त्याच्या आईशी मी वेगळं बोलले. सीरिज बघायचं खातं वडिलांचं, कुलूप कसलंच नाही. २०२१ च्या नियमांमुळे ओटीटीवर, म्हणजे वेब सीरिजच्या ॲपवर, 'यू/ए १३+', 'यू/ए १६+', 'ए' असे वयाचे शिक्के असतात, १३+ पासून पुढं पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते. ते आपणच लावावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सभेत एकीनं मोहित्यांचे वडगाव काढलं. आमच्याच सांगली जिल्ह्यातलं. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद. "आपणही भोंगा आणू." मी म्हटलं, जरूर आणा, पण तिथं मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा असतो. सातच्या मालिकेचं काय? खोली एकदम शांत. एक जण हसली, मग सगळ्याच. भोंगा काही आला नाही अजून.

वैशालीताईंची चौथी भेट मंगळवारची होती. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, उद्या नाही जमणार, व्हरांड्यात माझा नंबर आहे."

"आणि पोटाचं काय म्हणतोय?"

"कुणाच्या?" त्या म्हणाल्या. मग आठवलं. "अहो, ते कधीच थांबलं. सांगायचंच राहिलं."