अर्धा तास फिजिओचा, बाकी दिवस सिस्टरचा

तुम्ही लिहिलंय की आई ७८ वर्षांच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले, फिजिओ दिवसातून अर्धा तास येतो आणि सिस्टर मदत करायचं सोडून आईंनाच वेणी घालायला, ब्लाउजची बटणं लावायला सांगतात. परळ भागातल्या एका रुग्णालयात २९ वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते, म्हणून सांगते: तो आळस नाही, तोच उपचार आहे. पडून राहिलं की म्हाताऱ्या माणसाची ताकद फार लवकर जाते. फिजिओ उठायचं कसं ते शिकवतो, पण ते अंगवळणी पडतं दिवसातून पाच-सहा वेळा संडास-बाथरूमला जाताना, आणि तेव्हा जवळ असते सिस्टर. सगळं हातात देणं सोपं असतं हो, वेळही वाचतो. आजींचा थरथरता हात बटणापर्यंत पोचेस्तोवर गप्प उभं राहणं कठीण.

फिजिओ यायच्या आधी अर्धा तास वेदनेची गोळी पोटात गेली पाहिजे, नाहीतर आई पाय उचलणारच नाहीत. पहिल्यांदा उभं करताना बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा बघतात. ते एकदम उतरलं तर चक्कर येऊन पुन्हा पडायची भीती. लघवीची नळी कधी काढणार, हे मात्र रोज विचारा. गरज नसताना ती ठेवली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि केवळ सोयीसाठी डायपर बांधू देऊ नका.

रात्रीकडे लक्ष द्या. लालबागच्या एक आजी तिसऱ्या रात्री "देवगडची एसटी सुटेल" म्हणत पलंगावरून उतरायला लागल्या. मुलगा म्हणाला, वय झालं आता. पण आदल्या दिवशी त्या माझ्याशी नीट बोलल्या होत्या, म्हणून मी डॉक्टरांना उठवलं. लघवीत संसर्ग निघाला, शिवाय चार दिवस पोट साफ नव्हतं. चष्मा आणि कानाचं यंत्र तर कपाटातच होतं, म्हणजे नीट दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं! आईंचं अचानक असं झालं तर लगेच सांगा, सकाळची वाट बघू नका.

एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते तुम्ही पाहिलंच असेल. तिने दाखवायचं आणि हात तुमचे, असं ठरवून घ्या. कूस कशी बदलायची, टाच उशीवर न टेकता अधांतरी कशी ठेवायची, हे ती पाच मिनिटांत शिकवते.

घराबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि डिस्चार्ज अडतो तो तिथेच. चाळीत दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास, तोही भारतीय पद्धतीचा, असं असेल तर सिस्टरला आजच सांगा. सांधा बदललेला असेल तर उकिडवं बसायला बहुधा मनाई असते, कमोडची खुर्ची आणावी लागेल. पायऱ्या मोजून ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे वॉर्डातच घोटून घ्या. घरी बाई ठेवणार असाल तर तिला डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डात बोलवा, सिस्टरच्या हाताखाली एकदा तरी आईंना उठवू दे.

हे सगळं विचारायला औषधं वाटायची वेळ टाळा. सकाळची ड्युटी बदलून अंथरुणं आवरून झाली की सिस्टर दोन मिनिटं उभी राहते, तेव्हा गाठा.