कार्ड कोणतं ते नंतर, आधी ती एफडी मोडा

नमस्कार ताई,
मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, वय ३६. पगार हातात ५८,००० येतो. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे १८,०००. घराचा हप्ता १९,५००. मुलगी सहा वर्षांची आहे. माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड आहे, लिमिट २ लाख. किराणा, वीजबिल, ऑनलाइन खरेदी मिळून महिन्याला १९,००० च्या आसपास त्यावर जातात. पण पॉइंट फारच कमी मिळतात. वर्षभराच्या पॉइंटवर फक्त एक हँड ब्लेंडर आला. आता दोन कार्डांच्या ऑफर आहेत. एकाची फी ९९९ आणि ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के कॅशबॅक. दुसऱ्याची फी ५,०००, त्यावर एअरमाइल्स आणि विमानतळावर लाउंज. कोणतं घेऊ? माझं पेमेंट कधी चुकलेलं नाही. मिनिमम ड्यू ७,४०० येतो, मी दरमहा २५,००० भरतो. विम्याचा वर्षाचा ६०,००० चा हप्तासुद्धा पॉइंटसाठी कार्डावरच भरतो. दोघांच्या नावावर २ लाखांची एफडी आहे, पण ती मुलीची म्हणून ठेवली आहे, तिला हात लावत नाही. शेवटचं स्टेटमेंट आणि पॉलिसीचे कागद जोडले आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, ते लहानच आहे. स्टेटमेंट मात्र मी तीनदा वाचलं. पॉइंट पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आहेत, ते तुम्ही बघितलेत. दुसऱ्या पानावर, व्यवहारांच्या यादीच्या तळाशी, वीजबिलाच्या खाली दोन ओळी आहेत. फायनान्स चार्जेस ५,११२. त्याच्याखाली जीएसटी ९२०. या दोन ओळींचा तुमच्या पत्रात कुठेच उल्लेख नाही, म्हणून मला काळजी वाटली.

६,०३२ रुपये. एका महिन्याचं व्याज.

मिनिममच्या तिपटीहून जास्त भरतो म्हणजे आपल्याला व्याज लागत नाही, असा तुमचा समज झालेला दिसतो. तुमच्यासारखी हिशोबी माणसंही इथेच फसतात, कारण ‘मिनिमम’ हा शब्द शाळेतल्या पासिंगसारखा वाटतो, पस्तीस मिळाले की सुटलो. कार्डाचं तसं नाही. पूर्ण बिल भरलं तरच व्याज नाही. एक रुपया कमी भरला तरी व्याज चालू. मिनिमम भरल्याने लेट फी वाचते आणि सिबिलवर डाग पडत नाही, एवढंच.

शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलतही जाते. तुम्ही ६ तारखेला ३,२०० चा किराणा भरलात, त्याचं व्याज ६ तारखेपासूनच सुरू झालं. तुमच्या कार्डावर सध्या बिनव्याजी असं काहीच नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हे सगळं बँकेला स्टेटमेंटवर छापावं लागतं. छापलेलं आहे, बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर.

आता दर बघा. महिन्याला ३.६ टक्के. वर्षाचे झाले ४३. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५१. घराच्या कर्जाला पाव टक्का जास्त पडतो म्हणून आपण बँक बदलतो आणि इथे ५१ टक्के भरत असल्याचा पत्ता नसतो. तक्रार करून हा दर खाली येईल अशी आशाही ठेवू नका. ३० टक्क्यांच्या वर व्याज लावू नये असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला.

तुमचा महिना असा जातो: १९,००० खर्च, ६,००० व्याज, २५,००० भरणा. बाकी जागच्या जागी, १ लाख ४२ हजार. दर महिन्याला इमाने इतबारे पैसे भरताय आणि कर्ज तसूभरही हलत नाही. दिवसाचा हिशोब केला तर २०० रुपये. तुमचं पत्र येऊन आज ११ दिवस झाले, म्हणजे तेवढ्यात २,२०० रुपये गेले. वर्षभराचे तुमचे पॉइंट ५,७६०, पंचवीस पैशांनी १,४४० रुपये. एका वर्षाचे पॉइंट एका आठवड्याच्या व्याजात संपतात. म्हणून कोणतं कार्ड जास्त पॉइंट देतं याने तुमच्या घरात आज काहीही फरक पडणार नाही.

पॉइंटचे पैसे येतात कुठून हेही सांगते. आपण कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशांतून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात, त्यातला थोडा वाटा आपल्याकडे परत येतो. कार्डाच्या धंद्याची खरी कमाई मात्र बाकी पुढे ढकलणाऱ्यांकडून होते. त्यांना या धंद्यात रिव्हॉल्व्हर म्हणतात. नव्या कार्डासाठी तुम्हाला फोन येतात, त्यात तुमचा स्कोअर चांगला असण्याइतकंच हेही कारण आहे, की नियमित भरणारा आणि तरी बाकी ठेवणारा ग्राहक त्यांना सगळ्यात हवा असतो.

मग ही बाकी आली कुठून? तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. विम्याचे ६०,००० चे दोन हप्ते कार्डावर गेले, ते कधीच पूर्ण फिटले नाहीत. १ लाख ४२ हजारांतले १ लाख २० हजार तेच आहेत. हप्ता कार्डावर टाका, पॉइंटही मिळतील, असं तुम्हाला कुणी सांगितलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पॉलिसी विकणाऱ्याने सांगितलं असेल, तर त्याचा मला मनापासून राग येतो. ६०,००० वर मिळाले १,२०० पॉइंट, म्हणजे ३०० रुपये. पूर्ण फेडले नाहीत, तर त्याच ६०,००० वर वर्षाला ३०,००० व्याज.

आणि ज्यासाठी हे चाललंय ती पॉलिसी तरी कशी आहे? दहा वर्षं ६०,००० भरायचे, विसाव्या वर्षी १३ लाख. ‘सहा लाखांचे तेरा, दुपटीच्या वर’ असं सांगून विकली असणार. दामदुप्पट हा शब्द आपल्याकडे अजून भुरळ घालतो, किती वर्षांत ते कुणी विचारत नाही. हिशोब केला तर परतावा वर्षाला ५ टक्के. पोस्टात याहून जास्त मिळतं. म्हणजे ५१ टक्क्यांनी उधार घेऊन ५ टक्क्यांवर गुंतवलंत. वर या पॉलिसीत विमा किती, तर ६ लाख. तुमच्या घराचं आठ महिन्यांचं उत्पन्नही नाही. डोक्यावर घराचं कर्ज, मुलगी सहा वर्षांची. हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे की नाही, माहीत नाही. बाकी १ लाख ४२ हजार, लिमिट २ लाख. येत्या मार्चचा ६०,००० चा हप्ता या कार्डात बसत नाही. नवं कार्ड तुम्हाला आत्ताच हवंसं वाटतंय त्यामागे कदाचित हेच असेल. बसा आणि स्वतःला विचारा. नव्या कार्डाचं लिमिट ३ लाख असेल, तर तिसरा हप्ता त्यावर जाईल, चौथाही जाईल. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं, एका कार्डाची तीन झाली. त्याने घरात सांगितलं तेव्हा वहिनीच्या पाटल्या आणि हार दोन्ही गहाण होते. ती चार वर्षं मी जवळून बघितली आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे.

आता एफडीचं. मुलीची म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावताना जीव तुटतो, मला कळतं. पण ती एफडी ७ टक्क्यांनी वर्षाला १४,००० देते, आणि शेजारीच कार्ड ७२,००० नेतं. मुलीचे पैसे तुम्ही राखून ठेवलेले नाहीत, ते रोज २०० रुपयांनी दुसऱ्या दाराने बाहेर जात आहेत. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्यावर एखादा टक्का व्याज कमी मिळेल, फार तर दीड-दोन हजारांचं नुकसान, म्हणजे दहा दिवसांचं कार्डाचं व्याज. एफडीवर ओव्हरड्राफ्टही, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उधारी, मिळतो, पण तुमच्या बाबतीत मला तो नको आहे. डोक्यावरचं एक ओझं पूर्ण उतरू द्या.

मोडण्याआधी कार्डवाल्यांना फोन करून आजच्या तारखेला पूर्ण फेड किती, ते विचारा. व्याज धरून स्टेटमेंटवर १ लाख ४८ हजार आहेत, त्यानंतरच्या खरेदीचे आणि दिवसांच्या व्याजाचे वेगळे. ते सगळं भरा. तरीही पुढच्या बिलात थोडं व्याज येईल, बिल निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं. घाबरू नका, तेही पूर्ण भरा. पुष्कळ लोक हे पाचशे-हजार चूक समजून सोडून देतात आणि मीटर परत चालू होतं. दोन बिलं शून्यावर येईपर्यंत कार्ड कपाटात. किराणा यूपीआयने, खात्यात असतील तेवढ्याच पैशांत.

मग बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिट उघडा. तिथे दोन पर्याय असतात, ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ आणि ‘टोटल अमाउंट ड्यू’. दुसऱ्यावर बोट ठेवा. सगळ्या पत्रातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

एफडीतले ४०-५० हजार उरतील. अडीअडचणीला हे कमी आहेत, मान्य. पण कार्डाचं २ लाखांचं लिमिट मोकळं झालेलं असेल. अगदी वाईट वेळ आली तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल, त्याहून वाईट नाही. आणि व्याजाचे वाचलेले ६,००० दर महिन्याला आवर्ती ठेवीत, मुलीच्या नावाने. पॉलिसीचे महिन्याला ५,००० पडतात, तेही यात आले तर ११,०००. सव्वा वर्षात दीड लाख पुन्हा उभे राहतात.

पॉलिसीचं काय, तर पुढचा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच, ठेवली तर शेवटी किती. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे. तेव्हापासून विमा नियामकाचे नवे नियम आहेत, एक वर्ष पूर्ण झालं आणि त्याचा हप्ता भरला असला तरी काहीतरी रक्कम परत मिळते. पूर्वीसारखं ‘तीन वर्षं भराच’ म्हणून कुणी अडवलं तर ऐकू नका. मात्र त्याआधी १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी बंद करायचा विचार.

एफडी नसणाऱ्यांनी वाचून गप्प बसू नये म्हणून एक ओळ. कंपनीत कामगारांची पतपेढी असेल तर तिथून, नाहीतर पगाराच्या बँकेतून वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड फेडा. १२-१४ टक्के काही स्वस्त नव्हेत, पण ५१ च्या पाव भागात आले. कार्डावरची बाकी ईएमआयमध्ये फिरवायची बँकेची ऑफर त्याच्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. वर्षाचा तुमचा खर्च २ लाख २८ हजार. पाच हजारांचं कार्ड जीएसटीसकट ५,९०० चं. दोन टक्के धरले तरी ४,५६० सुटतात, म्हणजे खिशातूनच १,३४० गेले. लाउंजसाठीही आता बऱ्याच कार्डांवर तिमाहीत अमुक इतका खर्च करा अशी अट असते. ते नको. कॅशबॅकचं कार्ड १,१७९ चं. ऑनलाइन महिन्याला ६,००० धरले तर ५ टक्क्यांनी वर्षाचे ३,६००, बाकीच्या खर्चावर एक टक्क्याने दीड हजार, फी वजा जाता ३,९००. फी नसलेलं साधं एक टक्क्याचं कार्ड २,२८० देतं. फरक महिन्याला १३५ रुपयांचा. घ्यायचंच असेल तर कॅशबॅकचं घ्या, पण सलग सहा बिलं पूर्ण भरल्यावर, आणि तेव्हा जुनं बंद करून. बाकी शून्य असताना बंद करायला सांगितलं की सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. दोन कार्डं एका वेळी ठेवू नका.

एफडी दोघांच्या नावावर आहे, मुदतीआधी मोडायला पत्नीची सही लागेल. कार्डावर बाकी आहे हे त्यांना माहीत आहे का, ते पत्रावरून कळत नाही. माहीत नसेल तर शाखेतल्या काउंटरवर कळू देऊ नका. आज रात्री मुलगी झोपली की स्टेटमेंटचं दुसरं पान दोघांनी मिळून वाचा, ती व्याजाची ओळ त्यांना दाखवा आणि मग उद्या दोघं मिळून बँकेत जा. पुढची दोन बिलं आली की मला पाठवा, मी वाचेन.