श्रमदानातून पाळणाघर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पालक आणि शेजारी मिळून पाळणाघर उभं करत असलेल्या गटांकडून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. बांधकामाचे आणि पाळणाघराच्या परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. खालचे आकडे आणि स्थानिक नियम यांत जे जास्त कडक असेल, ते पाळावं.

प्रश्न : एका रिकाम्या इमारतीत आम्ही पाळणाघर करतो आहोत. पहिल्या रविवारी चाळीस जण आले, त्यातले निम्मे नुसते उभे होते. दुसऱ्या रविवारी नऊच आले. लोकांचा उत्साह टिकवायचा कसा?

उत्तर : नऊच जण का आले, याचं कारण पहिल्या रविवारातच आहे. सुट्टी मोडून आलेल्या माणसाच्या हातात दोन तास काही पडलं नाही, तर पुढच्या वेळी तो घरीच राहतो. म्हणून माणसं मोजण्याआधी कामं मोजा. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करा. काय करायचं, किती जण, किती वेळ, हत्यारं कोणती, सामान कुठे ठेवलंय आणि काम पुरं झालं हे कशावरून ठरवायचं, एवढं तिच्यावर हवं. उदाहरणार्थ : ‘मागच्या हद्दीला चुन्याने खुणा केल्यात तिथे दहा खड्डे, ३० सेंमी रुंद, ७० सेंमी खोल. सहा जण, चार तास. तीन पहारी, तीन फावडी, चार घमेली, एक मोजपट्टी. पट्टी तळाला टेकवून ७० भरले की खड्डा झाला.’ चिठ्ठ्या जितक्यांना पुरतात तितक्यांनाच त्या दिवशी बोलवा, बाकीच्यांना पुढची तारीख आजच द्या.

पाच-सहा जणांमागे एक जाणकार ठेवा आणि त्याला हातात थापी घेऊ देऊ नका. हे पटायला जड जातं, कारण सगळ्यात चांगला गवंडी नुसता उभा दिसतो. पण तो स्वतः कामाला बसला की मागचे पाच जण अंदाजाने काम करतात आणि ते नंतर तोडावं लागतं. सामान दोन दिवस आधी जागेवर येऊन मोजून घेतलेलं हवं. श्रमदानाचे दिवस बहुतेक वेळा यातच वाया जातात : माणसं आली, सिमेंट आलं, खडी वाटेत आहे.

खोदाई, उचलठेव, भिंती घासणं-रंगवणं, कपाटं जोडणं, कुंपण, बाग आणि खेळाची जागा ही कामं स्वयंसेवकांची. वायरिंग, गॅस, छप्पर, मैलापाण्याच्या लाइनी परवाना असलेल्या माणसाकडेच द्या. भिंत पाडण्याच्या फंदात तर कोणी पडूच नका. ती भार घेणारी आहे की नुसती आडोशाची, हे ठोकून कळत नाही.

कामावर येणाऱ्याचे बूट बंद असावेत आणि धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतलेली असावी. कामाच्या जागेवर मुलं नकोत. त्यासाठी दर वेळी एक चिठ्ठी मुलं सांभाळण्याची करा : दोन-तीन जणांनी जवळच्या एखाद्या घरी कामाला आलेल्यांची मुलं सांभाळायची. ही सोय नसेल तर ज्यांना पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज आहे, ते तान्ह्या मुलांचे आईवडीलच कामाला येऊ शकत नाहीत.

प्रश्न : आमची खोली २० फूट बाय १६ फूट आहे. तिथे वीस मुलं बसतील असं सगळे म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर : वीस मुलं बसतील. पण त्यांना रांगता येणार नाही, झोपता येणार नाही आणि एकाचा सर्दी-खोकला दुसऱ्या दिवशी सगळ्यांना होईल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मुलामागे ३५ चौरस फूट मोकळी जागा आत आणि ७५ चौरस फूट बाहेर धरतात. हिशेब त्याच मापाने करून पाहा. खोलीचं क्षेत्रफळ ३२०. त्यातून कपाटं, बेसिन, कपडे बदलायचं टेबल आणि दार उघडायची जागा मिळून ६० गेले. उरले २६०, म्हणजे सात मुलं. आकडा ऐकून हिरमोड होतो, हे खरं. पण तो कुदळ मारण्याआधी कळलेला बरा, कारण शेजारची खोली मिळवायची की गट दोन वेळांत वाटायचे, हे तेव्हाच ठरवता येतं. कागदावरचा आराखडा परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी दाखवा. दुसरं दार किंवा स्वच्छतागृहांची संख्या यांसारख्या अटी प्लास्टर झाल्यावर कळल्या, तर खर्च दुप्पट होतो.

प्रश्न : कुंपणासाठी लोखंडी पाइप आणि गजांच्या जाळ्या देणगीत मिळाल्या आहेत. खांब किती खोल रोवायचे? दोन गजांत किती फट चालेल?

उत्तर : आधी फट, कारण ती चुकली तर बाकीचं कुंपण कितीही भक्कम असून उपयोग नाही. लहान मुलाचं डोकं त्याच्या धडापेक्षा मोठं असतं. मूल पाय पुढे करून फटीतून सरकतं, कंबर जाते, छाती जाते आणि हनुवटीपाशी अडकतं. पाय जमिनीला टेकत नसतील, तर ते तसंच लटकतं. म्हणून खेळाच्या साहित्याच्या सुरक्षा-मापांत ९ ते २३ सेंमी यांमधली फट धोक्याची मानतात. दोन वर्षांखालची मुलं असतील तर ७.५ सेंमीच्या आतच राहा. लाकडाचा ७.५ बाय १२.५ सेंमीचा एक ठोकळा कापून घ्या आणि कुंपण, जिना, खिडकीचे गज, घसरगुंडीचे कठडे सगळीकडे तो घालून पाहा. कुठेही आत गेला, तर ती फट बंद करायची. कुंपणाच्या खालची फटही तपासा. पावसाने माती वाहून ती वाढत जाते.

मिळालेल्या जाळ्यांत आडव्या पट्ट्या असतील, तर त्या बाहेरच्या बाजूला येतील अशा बसवा. आतून आल्या तर शिडीच झाली. कडी बाहेरच्या बाजूला, अगदी वर ठेवा आणि फाटक सोडल्याबरोबर आपोआप लागलं पाहिजे.

आता खांब. कुंपण जमिनीवर १.२ मीटर हवं असेल, तर पाइप १.८ मीटरचा घ्या, म्हणजे तिसरा हिस्सा जमिनीत जातो. खड्डा ७० सेंमी खोदून तळाला १० सेंमी खडी टाका. पाणी तिथून झिरपतं आणि पाइप बुडातून गंजत नाही. वर १:२:४ प्रमाणात सिमेंट, वाळू, खडी. दहा खड्ड्यांना ५० किलोच्या तीन गोणी सिमेंट, ०.२ घनमीटर वाळू आणि तळाची धरून अर्धा घनमीटर खडी पुरते. पाणी गोणीमागे २५ लिटरच्या आसपास. हाताने कालवताना सैल माल सोपा जातो, म्हणून लोक पाणी ओततच राहतात आणि तिथेच काँक्रीट कमजोर होतं. कालवलेला माल फावड्यावर उभा राहायला हवा, वाहायला नको. कोपऱ्यांचे दोन खांब आधी रोवा, त्यांच्यात सुतळी ताणा, मधले खांब सुतळीला लावून दोन बाजूंनी ओळंब्यात घ्या आणि तिरके टेकू द्या. त्यानंतर सात दिवस पाणी मारा. जाळ्या त्याच संध्याकाळी चढवायचा मोह फार असतो. तसं केलं तर ओलं काँक्रीट जाळीच्या वजनाने हलतं, खांब कलतात आणि फाटक कधीच नीट लागत नाही.

प्रश्न : एक कुटुंब घरची जुनी घसरगुंडी देणार आहे. अंगणात हिरवळ आहे, तेवढी पुरेल ना?

उत्तर : पुरणार नाही. पायांखाली तुडवलेली हिरवळ काही आठवड्यांत मातीइतकी कडक होते. घसरगुंडीच्या कडांपासून चारी बाजूंना १.८ मीटरपर्यंत मऊ भर घाला. लाकडाचे तुकडे दाबून बसल्यावर २३ सेंमी राहायला हवेत, म्हणजे टाकताना ३० सेंमी टाकावे लागतात. तेवढ्याच जाडीची वाळू फक्त १.२ मीटर उंचीपर्यंतच्या साहित्याला पुरते आणि ओली होऊन घट्ट बसली की तेवढीही नाही. घसरगुंडीने ३ मीटर बाय ६० सेंमी जागा व्यापली, तर भरायचा चौकोन ६.६ बाय ४.२ मीटरचा होतो आणि त्याला सव्वाआठ घनमीटर माल लागतो. हा आकडा पाहून बरेच गट मागे हटतात किंवा पातळ थर टाकून समाधान मानतात. त्यापेक्षा घसरगुंडी न बसवणं चांगलं. बुटक्या पायऱ्या, लाकडी ओंडके, मातीचा उंचवटा यांवर लहान मुलं तितकीच रमतात.

बसवणारच असाल तर खांबावर भरीची रेघ रंगवा. घसरून उतरायच्या जागी पाय आपटून भर कडेला जाते आणि नेमका तिथेच खड्डा पडतो. रोज सकाळी दाताळ्याने ओढून रेघेपर्यंत आणा. जुन्या साहित्याचे बोल्ट तपासा : नटाच्या बाहेर दोन आट्यांहून जास्त दिसत असतील तर कापून टोपण बसवा. तिथे कपड्याची नाडी अडकते. पत्र्याची घसरगुंडी सावलीत ठेवा, उन्हात ती मुलांच्या मांड्या भाजते.

प्रश्न : इमारत जुनी आहे, रंगाचे पापुद्रे सुटलेत. पॉलिश पेपर मारून आम्हीच रंगवलं तर?

उत्तर : आधी जुन्या रंगात शिसं आहे का, ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे आणि मुलांच्या बाबतीत शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. शिसं निघालं तर ते काम प्रशिक्षित माणसांचं. कोरडं घासणं किंवा जाळून काढणं अजिबात नको. ती धूळ फरशीच्या सांध्यांत बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिसं नसेल तर खुशाल घासा.

नव्या रंगाचा अंदाज : एका लिटरमध्ये एका हाताला सुमारे १० चौरस मीटर. भिंतीचं माप ५३ चौरस मीटर असेल, तर दोन हातांना साधारण ११ लिटर. मुलांची झोपायची खोली सगळ्यात आधी रंगवा, म्हणजे वास जायला जास्तीत जास्त दिवस मिळतील.

प्रश्न : मोरी आणि स्वच्छतागृहात मापं कोणती ठेवावीत?

उत्तर : बेसिनची कड ४५ ते ५५ सेंमीवर, कमोडची बैठक २५ ते ३० सेंमीवर. कपडे बदलायच्या टेबलाजवळ वेगळं बेसिन हवं, हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर. एका हाताने मूल धरलेलं असताना दोन पावलं चालणंही जमत नाही. हे बेसिन स्वयंपाकाच्या बेसिनपासून पूर्ण वेगळं ठेवा.

गरम पाणी मुलांच्या नळाला ४३ अंशांच्या वर येता कामा नये. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाचीही त्वचा पाच सेकंदांत भाजते. पण साठवणीचा गीझर ४३ वर लावू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात. गीझर ६० वरच ठेवून नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून ठरलेल्या तापमानालाच सोडणारी झडप) बसवा. भरलेली बादली कधीही मागे राहू देऊ नका. काही सेंमी पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

प्रश्न : उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर केली तर लोक जोमाने कामाला लागतील, असं काहींचं म्हणणं आहे.

उत्तर : आमचा याला विरोध आहे. तारीख जवळ आली की दिसणारी कामं होतात आणि न दिसणारी राहतात : दाराच्या बिजागरीकडची बोटं चेमटणारी फट, कपाट भिंतीला आवळणं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच). अंतिम तपासणी झाल्यावरच तारीख सांगा.

त्या तपासणीआधी तुमची स्वतःची एक तपासणी करा. दोघा-तिघांनी प्रत्येक खोलीतून गुडघ्यांवर रांगत जायचं. उभ्याने न दिसणारं तेव्हा दिसतं : टेबलाखालून आलेला खिळा, पडद्याच्या दोरीचा फास, निसटलेली टाचणी. ३.२ सेंमी व्यासाच्या नळीत मावेल अशी प्रत्येक सुटी वस्तू उचलायची, कारण ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते.

आणखी एक, यासाठी मात्र उशीर चालत नाही. प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा, पाइप आणि वायर कुठून गेल्यात ते दिसेल असा. त्या फोटोंची एक प्रत पाळणाघराच्या फायलीत ठेवा. पुढे कोणी फळी ठोकायला ड्रिल लावेल, तेव्हा आजचे स्वयंसेवक जवळ असतीलच असं नाही.