वडिलांना शुगर आहे, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं, म्हणजे किडनी ठीक समजायची का?

नाही, तेवढ्यावर निश्चिंत नका होऊ. किडनीचं काम जवळपास अर्धं कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते, म्हणून शुगरवाल्यांनी लघवीची एसीआर टेस्ट (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जाते ते बघणारी) वर्षातून एकदा तरी करायलाच पाहिजे, सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम, ३० mg/g च्या खाली आलं की ठीक, वर आलं तरी लगेच घाबरू नका, ताप नाहीतर लघवीत इन्फेक्शन असलं तरी वाढते, ३ महिन्यांत परत करून बघतात. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती गाळते याचा अंदाज) पण विचारा. आपल्या नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असलं तर क्रिएटिनिन उगाच वाढून येते, हे डॉक्टरला सांगा. पायावर सूज किंवा लघवीला सारखा फेस दिसत असेल तर वाट नका पाहू, मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत याच आठवड्यात दाखवा.